ओपनिंग शिकावे ते डावांतून

बुद्धिबळाच्या डावातील पहिल्या दहा-पंधरा चालींना ओपनिंग म्हणतात. मोहरे घराबाहेर काढायचे, पटाच्या मध्यावर पकड बसवायची आणि कॅसलिंग करून राजाला आडोशाला न्यायचे, एवढेच या चालींत साधायचे असते. हे समजायला आठवडाही लागत नाही. अडचण त्यानंतर सुरू होते. पहिल्या चालीला पांढऱ्यापुढे २० पर्याय असतात, काळ्यापुढेही तितकेच. दोघांच्या दोन-दोन चाली होईपर्यंत १,९७,२८१ चालीक्रम संभवतात. त्यांतले बहुतेक टाकाऊ असले, तरी कामाचे म्हणून जे उरतात तेही थोडे नाहीत. युगोस्लाव्हियातून १९७४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ओपनिंगच्या ज्ञानकोशाने त्यांची वर्गवारी ए ते ई अशा पाच खंडांत आणि ५०० संकेतांकांत केली. आज एकेका संकेतांकाखाली हजारो डाव नोंदलेले सापडतात.

एवढ्या पसाऱ्यातून विद्यार्थ्याने काय उचलावे आणि कसे, याची दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर सोपे आहे: इंजिनने तपासलेल्या चालींची तयार फाइल घ्यावी आणि ती पाठ करावी. दुसरे उत्तर वेळखाऊ आहे. मनापासून आवडणारा एखादा मोठा खेळाडू निवडावा, त्याने आयुष्यभर जी ओपनिंग खेळली त्यांतले डाव तारखेच्या क्रमाने पटावर लावून पाहावेत आणि आपले ओपनिंग त्यांतून घडवावे. स्पर्धेत उतरणाऱ्या, पण अजून मास्टरच्या पायरीपर्यंत न पोहोचलेल्या विद्यार्थ्यासाठी हा दुसरा मार्गच योग्य आहे. त्याची कारणे मात्र नीट पाहायला हवीत, कारण हा मार्गही चुकीच्या रीतीने चालता येतो आणि अनेकदा तसाच चालला जातो.

पाठांतर कुठे तोकडे पडते ते रुय लोपेझच्या एका साध्या प्रकारात दिसते. पांढरा ई४ खेळतो, काळा ई५. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर येतो, काळ्याचा सी६ वर. पांढऱ्याचा उंट बी५ वर जातो आणि काळा ए६ खेळून त्याला विचारणा करतो. आता पांढऱ्याने उंटाने सी६ वरचा घोडा मारला आणि काळ्याने डी प्याद्याने उंट मारला, की ई५ च्या प्याद्याचा राखणदार नाहीसा झालेला दिसतो. नवशिक्या पाचव्या चालीला घोड्याने ते प्यादे खातो. लगेच काळा वजीर डी४ वर येतो, घोडा आणि ई४ चे प्यादे या दोहोंवर एकदम मारा करतो आणि गेलेले प्यादे वसूल करतो. फाइलमध्ये पाचवी चाल म्हणून कॅसलिंग दिलेले असते आणि ते बरोबरच आहे. पण कॅसलिंगनंतर ई५ चे प्यादे मारण्याची धमकी खरी का ठरते, हे फाइल सांगत नाही. आता वजीर डी४ वर आला तर घोडा माघारी एफ३ वर जातो आणि वजिराने ई४ चे प्यादे मारले तर हत्ती ई१ वर येऊन वजिराला त्याच्याच राजासमोर जखडून टाकतो. ज्याला हे कारण ठाऊक नाही, त्याने पाचवी चाल अचूक केली तरी सहाव्या चालीला तो अडतो, कारण समोरच्याने ती फाइल वाचलेलीच नसते.

इंजिनचा आकडाही इथे फारसा उपयोगी पडत नाही. आकडा खोटा नसतो. पण पुढच्या वीस-तीस चाली दोन्ही बाजूंनी अचूक होतील असे धरून तो दिलेला असतो. इंजिनला बरोबरीची वाटणारी स्थिती माणसाला एका बाजूने खेळायला सोपी आणि दुसऱ्या बाजूने जीवघेणी असू शकते. कुठल्या बाजूने सोपी आणि का, हे माणसांच्या डावांतूनच कळते.

वरची पाचवी चाल बॉबी फिशरने १९६६ च्या हवाना ऑलिंपियाडमध्ये खेळली आणि तिच्या बळावर पोर्टिश व ग्लिगोरिच या ग्रँडमास्टरांना हरवले. तोवर हा प्रकार निरुपद्रवी समजला जात होता. कॅसलिंगची कल्पना डच मास्टर योहान बारेंड्रेख्टची, पण तिला जगभर प्रतिष्ठा मिळाली ती फिशरमुळे. हे डाव शेवटच्या चालीपर्यंत पाहिले की फिशर चौथ्या चालीला आपला उंट एवढ्या सहज का देतो ते उमगते. पुढे पांढऱ्याच्या डी प्याद्याची काळ्याच्या ई प्याद्याशी मारामारी झाली, की राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी काळ्याच्या तिघांसमोर उभी राहतात. वजिराच्या बाजूला काळ्याची चार प्यादी पांढऱ्याच्या तिघांसमोर असतात. पण त्यांतली दोन सी पट्टीत एकामागे एक अडकलेली असल्यामुळे काळ्याला तिथून बढतीसाठी मोकळे प्यादे काढणे अवघड जाते. सगळे मोहरे पटावरून गेले आणि राजे व प्यादी एवढेच उरले, तर पांढरा साधारणपणे जिंकतो. काळ्याला मोबदल्यात दोन्ही उंट मिळतात. म्हणजे डावाचा शेवट कसा व्हावा याचा विचार चौथ्या चालीतच झालेला असतो. पुढची प्रत्येक मारामारी कोणाच्या फायद्याची, हे त्या विचारावरून ठरते. एवढे ज्याला कळले त्याला यादीबाहेरच्या चालीची भीती उरत नाही. समोरच्याने काहीही खेळले तरी आपल्याला कोणते मोहरे पटावरून घालवायचे आहेत आणि कोणते राखायचे आहेत, हे त्याला माहीत असते.

फिशरचे हे डाव विद्यार्थ्याला आणखी मागे नेतात. १९१४ साली सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत इमॅन्युएल लास्करने कापाब्लांकाला याच प्रकारात हरवले होते. गुणांत कापाब्लांका पुढे होता आणि लास्करला विजयाची निकड होती. तरीही त्याने वजीर सातव्या चालीपर्यंत निघून जातील असा शांत दिसणारा मार्ग धरला, एफ प्यादे पाचव्या घरापर्यंत रेटले आणि ई६ वर घोडा असा रोवला की काळ्याचे सारे मोहरे त्याच्याभोवती कोंडले गेले. त्याच प्याद्यांच्या रचनेतून लास्करने एक मार्ग काढला, फिशरने दुसरा. दोन्ही पाहिल्यावर ती रचना विद्यार्थ्याची होते.

मग त्याने २००० सालचा लंडनचा सामना उघडावा. व्लादिमिर क्रॅमनिकने गॅरी कास्पारोव्हविरुद्ध बर्लिन बचाव आणला. तिथेही आठव्या चालीला वजीर जातात, काळ्याची दोन प्यादी सी पट्टीत एकामागे एक येतात आणि राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी तिघांसमोर असतात. भर म्हणजे काळ्याचा कॅसलिंगचा हक्कही जातो. फिशरच्या हिशेबाने पांढऱ्याचे पारडे जड व्हायला हवे. प्रत्यक्षात कास्पारोव्हला त्या १५ डावांच्या सामन्यात एकही विजय मिळाला नाही आणि जगज्जेतेपद त्याने ६.५-८.५ असे गमावले. याचे कारण प्याद्यांच्या संख्येत सापडत नाही, ते त्यांच्या जागेत आहे. बर्लिनमध्ये पांढऱ्याचे ई प्यादे आधीच ई५ वर गेलेले असते. त्यामुळे चार प्याद्यांची फळी एकत्र पुढे सरकत नाही, एफ५ चे घर काळ्याच्या मोहऱ्यांना हक्काचे मिळते आणि त्याची उंटांची जोडी शाबूत राहते. एकच प्यादे एक घर पुढे गेल्याने निकाल कसा बदलतो, ही गोष्ट ओपनिंगच्या कुठल्याही यादीत शेजारी-शेजारी लिहिलेली आढळणार नाही, कारण यादीत हे दोन प्रकार वेगवेगळ्या पानांवर असतात. खेळाडूंच्या मागोमाग जाणाऱ्याला मात्र ते एकमेकांना लागून दिसतात.

एकाच खेळाडूचे डाव क्रमाने पाहण्याचा आणखी मोठा लाभ म्हणजे एखादा विचार वेगवेगळ्या ओपनिंगमधून कसा वावरतो ते दिसणे. याचे सर्वांत सुंदर उदाहरण अकिबा रुबिनस्टाइनच्या डावांत आहे. १९०७ साली लॉड्झ येथे रॉटलेवीविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याने सी४ वरचे प्यादे मारण्याची घाई केली नाही. पांढऱ्याचा उंट डी३ वर येईपर्यंत तो थांबला. उंट तिथे आल्याबरोबर त्याने प्यादे मारले. उंटाला ते परत घेण्यासाठी सी४ वर जावे लागले. काळ्याने बी५ खेळून त्याला हुसकावले आणि उंट पुन्हा डी३ वर आला. एका उंटाच्या तीन चाली झाल्या आणि तो होता तिथेच राहिला. मिळालेल्या वेळात काळ्याचा उंट बी७ वर येऊन मोठ्या कर्णावर बसला. पुढे याच डावात रुबिनस्टाइनने वजिराचे बलिदान करून केलेला हल्ला अजरामर झाला आणि बहुतेक पुस्तकांत तेवढाच हल्ला छापला जातो. पण त्या हल्ल्याची सोय अकराव्या-बाराव्या चालींत झाली होती.

१७ वर्षांनी, १९२४ मध्ये इटलीतील मेरान येथे ग्रुनफेल्डविरुद्ध रुबिनस्टाइन पुन्हा काळ्या मोहऱ्यांनी बसला. ओपनिंग वेगळे होते, सी६ आणि ई६ वर प्यादी ठेवणारा स्लाव्ह घराण्यातला बचाव. विचार तोच होता. उंट डी३ वर येईपर्यंत थांबायचे, मग सी४ चे प्यादे मारायचे, बी५ ने उंटाला मागे ढकलायचे आणि योग्य वेळी सी५ खेळून मध्यावर आघात करायचा. हा प्रकार त्या गावाच्या नावाने ‘मेरान’ म्हणून ओळखला जाऊ लागला. तो नुसता चालीक्रम म्हणून शिकणाऱ्याला सहाव्या चालीला प्यादे मारायचे एवढे आठवते. १९०७ चा डाव पाहिलेल्याला सहाव्याच चालीला का, पाचव्या का नाही, हे सांगता येते.

याच मेरानमधून विश्वनाथन आनंदने २००८ मध्ये बॉन येथे क्रॅमनिकला काळ्या मोहऱ्यांनी तिसऱ्या आणि पाचव्या डावात हरवले आणि जगज्जेतेपद ६.५-४.५ असे राखले. २०१३ च्या जानेवारीत वाइक आन झी येथे लेव्हॉन अरोनियनविरुद्ध तो पुन्हा मेरान खेळला. काळ्याचे उंट बी७ आणि सी५ वरून पांढऱ्या राजाकडे रोखलेले, त्यांच्यापुढे बलिदानाला तयार घोडे. रॉटलेवीविरुद्धच्या डावाशी असलेल्या या साम्याकडे आनंदने स्वतः लक्ष वेधले. १०६ वर्षांपूर्वीचा डाव त्याच्या मनात जिवंत होता. २०१२ मध्ये मॉस्कोत आनंदला आव्हान देणारा बोरिस गेल्फंड तर रुबिनस्टाइनला आपला गुरूच मानतो. संगणकाच्या युगात जगज्जेतेपदासाठी झुंजलेल्या या दोघांना एकाच जुन्या माणसाचे डाव जवळचे वाटावेत, यात योगायोग नाही. रुबिनस्टाइनची ओपनिंग मधल्या डावाशी आणि शेवटाशी सांधलेली होती, आणि हा सांधा काळाबरोबर झिजत नाही.

आदर्श कोणाला मानावे, हा प्रश्न आवडीचा असला तरी केवळ आवडीवर सोडण्यासारखा नाही. ओपनिंग शिकण्यासाठी असा खेळाडू हवा ज्याने थोडीच ओपनिंग वर्षानुवर्षे आणि सर्व प्रकारच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध खेळली. फिशर या कसोटीला उतरतो. पांढऱ्या मोहऱ्यांनी ई४, ई४ विरुद्ध सिसिलियनचा नायडॉर्फ प्रकार आणि डी४ विरुद्ध प्रामुख्याने किंग्ज इंडियन, एवढ्या भांडवलावर त्याची बहुतेक कारकीर्द उभी आहे. अनातोली कार्पोव्ह तर त्याहून चांगला शिक्षक. १९७४ च्या नीस ऑलिंपियाडमध्ये उनझिकरविरुद्ध रुय लोपेझच्या बंद प्रकारात त्याने २४ व्या चालीला उंट ए७ वर नेऊन ठेवला. पटावर तेवढीच एक पट्टी उघडी होती आणि तिच्यावरून हत्तींची मारामारी होऊ घातली होती. उंटाने पट्टी बंद केली, त्याच्या आड पांढऱ्याने आपले हत्ती सावकाश रचले आणि जागेच्या टंचाईने गुदमरलेल्या काळ्याला नंतर दुसऱ्या बाजूला मारले. बंद रुय लोपेझमध्ये पांढऱ्याला नेमके काय मिळते, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही: त्याला जागा मिळते, आणि जागा असलेल्याने मारामारी टाळायची असते.

मॅग्नस कार्लसन खेळाडू म्हणून कितीही थोर असला तरी ओपनिंगचा आदर्श म्हणून तो गैरसोयीचा आहे. तो जवळजवळ सगळेच खेळतो, आणि पुष्कळदा समोरच्याची तयारी चुकवण्यासाठीच खेळतो. त्याच्या डावांमागून जाणारा विद्यार्थी वर्षभरात वीस ओपनिंगची तोंडओळख करून घेतो आणि एकाचीही मैत्री करत नाही. मिखाइल तालच्या बाबतीत धोका वेगळा आहे. १९६० मध्ये बोत्विनिकला हरवून जगज्जेता झालेल्या या खेळाडूची बलिदाने डोळे दिपवतात. पण बलिदानापूर्वीच्या चालींतून मोहरे कसे गोळा झाले ते न पाहता विद्यार्थी फक्त बलिदान उचलतो, आणि त्यामागची गणनशक्ती उचलता येत नसते. नाशिकचा विदित गुजराथी किंवा २०२५ चा महिला विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख यांचे डाव मराठी मुलामुलींना जवळचे वाटणे स्वाभाविक आहे आणि ते जरूर पाहावेत. मात्र आजच्या स्पर्धकांच्या ओपनिंगमागे घरी इंजिनवर केलेली अशी तयारी असते, जिचा मोठा भाग डावात उमटतच नाही. पहिल्या अभ्यासासाठी ज्यांचे काम पूर्ण झाले आहे आणि ज्यांनी आपल्या डावांवर स्वतः लिहून ठेवले आहे, असे जुने खेळाडू बरे. समकालीनांकडे त्यानंतर वळावे.

या अभ्यासात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते आदर्शाच्या पराभवांकडे. निवडक विजयांचे संग्रह वाचून मनावर असा ठसा उमटतो की अमुक ओपनिंग खेळले की विजय आपोआप येतो. फिशरने मात्र १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साठ संस्मरणीय डावांच्या पुस्तकात तीन पराभव मुद्दाम घातले. त्यांतला एक १९६० चा, मार देल प्लाता येथे बोरिस स्पास्कीने किंग्ज गॅम्बिट खेळून जिंकलेला. हा पराभव फिशरच्या मनाला लागला. पुढच्याच वर्षी त्याने एका अमेरिकन त्रैमासिकात किंग्ज गॅम्बिटचा बीमोड करणारा लेख लिहिला आणि काळ्याने तिसऱ्या चालीला डी६ खेळावे असे सुचवले. काही वर्षांत त्याने स्वतःच पांढऱ्या मोहऱ्यांनी हेच गॅम्बिट खेळायला घेतले, फक्त तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट बाहेर काढला. पराभवानंतर शोध, शोधानंतर ठाम मत, आणि त्या मताला वळसा घालणारी स्वतःचीच नवी चाल, हा प्रवास विद्यार्थ्याला कुठल्याही विजयापेक्षा जास्त शिकवतो.

नायडॉर्फमधल्या ‘विषारी प्याद्या’चेही तसेच. काळा वजीर बी२ वरचे प्यादे खातो आणि पांढरा त्या वेळात हल्ला उभारतो, असा हा प्रकार. फिशरने तो अनेकदा यशस्वीपणे खेळला. १९७२ मध्ये रेक्याविक येथील सामन्याच्या अकराव्या डावात स्पास्कीने १४ व्या चालीला घोडा मागे, थेट बी१ या त्याच्या मूळ घरी नेला आणि काळ्या वजिराची कोंडी झाली. फिशर हरला. पंधराव्या डावात तो नायडॉर्फच खेळला, पण विषारी प्यादे न घेता सातव्या चालीला उंट ई७ वर ठेवून. ओपनिंग सोडले नाही, वाट बदलली. एका पराभवाने घाबरून दर स्पर्धेला नवे ओपनिंग शोधणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी हे दोन डाव शेजारी ठेवून पाहावेत.

या मार्गावर घेतले जाणारे आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा की जुन्या खेळाडूंच्या चाली आता खोट्या ठरल्या आहेत. काही ठरल्या आहेत हे खरे, आणि म्हणूनच शेवटी इंजिनवर तपासणी हवी. पण तपासणीत सहसा एखाद-दुसरी चाल बदलते, रचना आणि हेतू टिकून राहतात. कधी कधी उलटही घडते. स्टाइनिट्झने एकोणिसाव्या शतकात दोन घोड्यांच्या बचावात नवव्या चालीला घोडा एच३ या पटाच्या कडेच्या घरी नेला होता. ही चाल विचित्र म्हणून बाजूला पडली होती. फिशरने १९६३ मध्ये बिसगायरविरुद्ध ती काढली आणि जिंकला. जुने डाव वाचणाऱ्याकडेच असा ठेवा असतो.

दुसरा आक्षेप असा की ओपनिंगला एवढे महत्त्व द्यावेच कशाला. मीर सुलतान खानचे उदाहरण इथे हमखास दिले जाते. पंजाबातून इंग्लंडला गेलेला हा खेळाडू ज्या भारतीय पद्धतीत वाढला तिच्यात प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जात नसे. युरोपीय ओपनिंगचे पुस्तकी ज्ञान त्याला जवळजवळ नव्हते. तरी १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा तो ब्रिटिश विजेता झाला आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले. यातून ओपनिंग निरर्थक ठरत नाही. सुलतान खान पहिल्या पंधरा चालींत अनेकदा अडचणीत येई आणि पुढे असामान्य मध्य व अंतिम डावाच्या जोरावर सुटका करून घेई. ती असामान्यता ज्याच्याकडे नाही त्याने सुरुवातीलाच अडचणीत न यावे हे उत्तम. त्याच्या उदाहरणाचा खरा अर्थ असा की ओपनिंगचा अभ्यास मधल्या डावापासून तोडता कामा नये, आणि संपूर्ण डाव पाहण्याच्या पद्धतीत तो तुटत नाही.

तिसरा आक्षेप अनुकरणाचा आहे: दुसऱ्याच्या मागे चालून स्वतःची शैली कशी घडणार? शैली शून्यातून घडत नाही, एवढे उत्तर पुरे. ज्या फिशरला बंडखोर म्हटले जाते तो स्टाइनिट्झ आणि मॉर्फीचे डाव कोळून प्यायला होता आणि सोव्हिएत मासिके वाचता यावीत म्हणून रशियन शिकला होता.

प्रत्यक्ष अभ्यास कसा करावा याविषयी अनुभवी प्रशिक्षकांत फारसे दुमत नाही. निवडलेल्या खेळाडूचे एका ओपनिंगमधले चाळीस-पन्नास डाव डाटाबेसमधून काढावेत आणि आधी ते सगळे भरभर, टिपा न वाचता, पटावर फिरवावेत. हा पट खरा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा असावा, पडद्यावरचा नसावा. हाताने मोहरा हलवला की चाल सावकाश होते आणि लक्षात राहते. पहिल्या फेरीतच दोन-तीन प्याद्यांच्या रचना वारंवार येताना दिसू लागतात. डाव मग त्या रचनांप्रमाणे वेगळे करावेत, चालीक्रमाप्रमाणे नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येक रचनेतले चार-पाच डाव घेऊन आदर्शाच्या चाली झाकाव्यात आणि स्वतःची चाल वहीत लिहून मगच त्याची चाल उघडावी. जिथे फरक पडेल तिथे थांबावे. आदर्शाने कोणता मोहरा वाचवला, कोणता सोडला, कोणत्या बाजूला कॅसलिंग केले, हत्ती कोणत्या पट्टीवर आणले, याची नोंद शब्दांत करावी. ही शब्दांतली नोंद म्हणजेच विद्यार्थ्याचे ओपनिंग. चालींची यादी तिच्यातून मागाहून तयार होते आणि ती लहान असते.

इंजिन या सगळ्याच्या शेवटी लावावे. आधी लावले तर विद्यार्थी प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तर वाचतो आणि दोन्ही विसरतो. त्यानंतर ते ओपनिंग खेळायला घ्यावे आणि हरलेला प्रत्येक डाव आदर्शाच्या जवळात जवळच्या डावाशी ताडून पाहावा. याला महिने लागतात. आवडत्या खेळाडूची निवड इथे कामाला येते, कारण एवढा काळ चिकटून राहायला लागणारा धीर प्रेमाशिवाय टिकत नाही. फाइलवर कोणाचे प्रेम बसत नाही.

आदर्शाला सोडण्याची वेळही येते, आणि तीही त्याच्या डावांतूनच कळते. आयुष्यभर ई४ खेळलेल्या फिशरने १९७२ च्या सामन्यातील सहाव्या डावात सी४ ने सुरुवात करून क्वीन्स गॅम्बिटमध्ये प्रवेश केला, आणि तोही तार्ताकोवर बचावाविरुद्ध, ज्यावर स्पास्कीचा वर्षानुवर्षे भरवसा होता. १४ व्या चालीला त्याने उंट बी५ वर नेला. ही कल्पना त्याची नव्हती. फुरमनने ती १९७० मध्ये गेलरविरुद्ध वापरली होती, आणि सोव्हिएत डाव बारकाईने वाचणाऱ्या फिशरने ती उचलली होती. डाव इतका निर्दोष झाला की हरलेला स्पास्की प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवू लागला. अनेकांना वाटले, हा प्रकार आता कायमचा निकालात निघाला. १९७३ मध्ये यान टिम्मनने गेलरविरुद्ध फिशरचाच चालीक्रम जसाच्या तसा लावला. गेलरने १४ व्या चालीला वजीर बी७ वर नेला आणि काळ्या मोहऱ्यांनी डाव जिंकला.